नानांना काही प्रॉब्लेम नाही

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत भातानंतर सगळ्यात जोमाने काय पिकत असेल तर फार्महाऊस, आणि फार्महाऊसनंतर नाना. नाना म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. चौकला एक नाना आहेत, कडावला आहेत, खोपोलीत तर एकाच रस्त्यावर दोन आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. आमच्या वाडीतले नाना मला जवळून माहीत, म्हणून त्यांच्यावरच लिहितो.

नानांना धंदा विचारला की एकच शब्द येतो : ‘लोकेशन’. यात तीन धंदे बसतात. मुंबईकरांना प्लॉट दाखवणे, शूटिंगवाल्यांना विहीर, पडका वाडा, बैलजोडी पुरवणे, आणि मधल्या वेळात लग्नं जमवणे. तिन्हींचं भांडवल म्हणजे एक फुगलेली डायरी. डाव्या पानावर ‘विहीर, पायऱ्यांची, पाणी बारमाही’, उजव्या पानावर ‘मुलगी, बी.कॉम., पाच-दोन, अपेक्षा माफक’. चष्मा घरी राहिला त्या दिवशी नानांनी एका प्रॉडक्शन मॅनेजरला फोनवर विहिरीची अपेक्षा माफक असल्याचं सांगितलं होतं.

2005 साली नितीन देसाईंनी चौकजवळ एन. डी. स्टुडिओ उभा केला आणि आमच्या भागातल्या माणसाला सिनेमा मागच्या बाजूने दिसायला लागला. ‘जोधा अकबर’साठी आग्र्याचा किल्ला तिथे बांधला होता. लोक आग्र्याला जाऊन तो पुढून बघतात; आम्ही मागून पाहिला, म्हणजे बांबू, प्लायवूड आणि पीओपी. नाना त्या सिनेमात तिसऱ्या रांगेत भाला धरून उभे होते असं नाना सांगतात. तो प्रसंग आम्ही टीव्ही थांबवून थांबवून पाहिला, तिथे भाला दिसतो. तेव्हापासून नाना सिनेमा बघत नाहीत, तपासतात. जनरेटर कुणाचा असेल, जेवणाची गाडी कुठे उभी केली असेल, म्हशीचं भाडं दिवसावर की शिफ्टवर. हिरो रडायला लागला की नाना कौतुकाने म्हणतात, “नॅचरल लाइट आहे.”

अशा माणसाला ‘साबर बोंडं’ दाखवायची कल्पना मास्तरांच्या धाकट्याची. मास्तर दोन वर्षांपूर्वी गेले. धाकटा चौतिशीचा, खोपोलीच्या एका कंपनीत नोकरीला, सालस, आणि नानांच्या डायरीतली सगळ्यात जुनी थकबाकी. त्याचा एक मित्र दर शनिवारी बदलापूरहून येतो आणि रविवारी रात्रीच्या लोकलने परत जातो. वाडीत त्याला सगळे ‘बदलापूरवाला’ म्हणतात. तो आईला बाजार आणून देतो, पावसाळ्यापूर्वी कौलं चाळून देतो. आई चहाचे दोन कप एकाच बशीत ठेवते. यापलीकडे कुणी कधी काही बोललेलं नाही.

धाकट्याने नानांना आमंत्रण दिलं तेव्हा मोजकीच माहिती दिली. मराठी सिनेमा आहे, दिग्दर्शक रोहन परशुराम कानवडे यांचा पहिलाच. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांतलं सर्वोच्च बक्षीस मिळालं. आता 19 सप्टेंबरला आपल्याकडे लागतोय. भारतात कोण आणतंय, असं नानांनी विचारलं. राणा दग्गुबाती, असं उत्तर आलं. नाना उठून बसले. “म्हणजे बाहुबलीतला भल्लालदेव? मग लढाई असणार.” सनडान्सवरून त्यांनी डान्सही गृहीत धरला. शूटिंग कुठे झालं, तर नगर जिल्ह्यात. एवढं ऐकून नानांनी संध्याकाळपर्यंत वाडीभर केलं की सिनेमा कर्जतला झालाय. अगदीच खोटं नको म्हणून विचारणाऱ्याला हळूच सांगत, “नगर जिल्ह्यात पण एक कर्जत आहे.” शूटिंग त्या कर्जतलाही नव्हतं, खर्शिंदे नावाच्या गावात होतं, पण तोवर उशीर झाला होता.

आम्ही चौघे मुंबईला गेलो. नानांनी थिएटरात शिरण्याआधी पॉपकॉर्नचा भाव विचारला आणि त्या पैशात आमच्याकडे अख्खं युनिट नाश्ता करतं हे काउंटरवरच्या मुलीला समजावलं.

गोष्ट साधी आहे. मुंबईत राहणाऱ्या आनंदचे वडील जातात, तो आईबरोबर गावी दहा दिवसांच्या सुतकाला येतो. तिथे बाळ्या हा लहानपणचा मित्र भेटतो. बाळ्याच्या घरचे त्याच्या लग्नाच्या मागे आहेत, आनंदच्या मागे सगळं भावकीमंडळ आहे. दोघं जवळ येतात. भूषण मनोज आणि सूरज सुमन यांनी ही दोघं इतक्या सहज उभी केली आहेत की मलाही सुरुवातीला ते नट आहेत हे विसरायला झालं. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा एका जागी बसतो आणि माणसं त्याच्यासमोरून जातात-येतात.

पहिला आक्षेप दहाव्या मिनिटाला आला. “ट्रॉली परवडली नाही.” मग, “म्युझिकवाल्याचं पेमेंट अडकलं असणार.” मग सुतकाचे नियम. हे नको, ते चालत नाही, असं घरची माणसं आनंदला सांगत होती आणि नाना प्रत्येक नियमावर मान हलवून निकाल देत होते : “घाटावरची पद्धत. आपल्याकडे असं नाही.” (सुतकाची पद्धत आपल्याकडे वेगळी आहे असं न म्हणणारं गाव महाराष्ट्रात सापडलं तर मला कळवा.) शेळ्या मात्र त्यांना पसंत पडल्या. शेळ्यांना अभिनय शिकवावा लागत नाही, हे त्यांचं जुनं मत आहे.

पुढे पडद्यावर दोघं जवळ आले. त्या क्षणी नानांना एसी लागला. त्यांनी पिशवीतून मफलर काढला, झटकला, गळ्याभोवती सावकाश तीन वेढे घेतले, आणि तेवढ्यात छताकडे बघून स्पीकर किती आहेत ते मोजलं. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांना नेमका तेव्हाच फोन आला, तो त्यांनी न वाजताच उचलला. डावीकडे एक मुलगी सरळ पडद्याकडे बघत रडत होती, ओढणीला डोळे पुसायचंही भान नव्हतं. पलीकडे दोन पोरं आधी खुसखुसली, मग हसण्याजोगं काही होत नाही म्हटल्यावर गप्प झाली आणि त्यानंतर शेवटपर्यंत त्यांनी मोबाइल काढला नाही. मी हे सगळं बघत बसलो, त्यामुळे सिनेमाचा थोडा भाग मलाही नंतर धाकट्याला विचारावा लागला. मफलर मात्र प्रत्येक वेळी अचूक वेळेवर निघत होता.

आणि तरी एका ठिकाणी नाना पूर्ण सिनेमात गेले. भावकीतले लोक आनंदला घेरून लग्नाचं बघ म्हणायला लागले. आईचं काय, वंशाचं काय, वय काय राहतंय. नाना पुढे सरकले आणि थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “बरोबर बोलतायत.” धाकट्याने त्यांच्याकडे पाहिलं. बदलापूरवाल्याने धाकट्याकडे पाहिलं.

सिनेमा 112 मिनिटांचा. म्हणजे दादरला फास्ट पकडून कर्जतला उतरेपर्यंत जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढाच. नाना उमेदीची वर्षं त्या लोकलच्या खिडकीत बसून एकाच चौकटीतून बाहेर बघत आलेत, कधी तक्रार नाही. परतीच्या गाडीत मात्र तक्रारींची यादी ठाण्यापर्यंत संपली नाही. लढाई नव्हती. भल्लालदेव स्वतः दिसला नाही. डान्सचं बक्षीस, आणि एक पाऊल नाचले नाहीत. साबर बोंडं, म्हणजे निवडुंगाची फळं, आमच्या भागात लागत नाहीत, पाऊस जास्त, पण सांगितलं असतं तर आर्टवाल्याकडून प्लास्टिकची करून घेतली असती, तोडताना काटेही लागले नसते.

“आणि विषय?” मी विचारलं.

“विषयाला काही प्रॉब्लेम नाही,” नाना म्हणाले. “आपण फील्डमधली माणसं. पण आपल्यात असलं काही नव्हतं हो पूर्वी.”

मी म्हटलं, तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ 1981 मध्ये रंगमंचावर आलं, रोहिणी हट्टंगडींनी काम केलं होतं. पालेकरांचा ‘थांग’ 2006 चा. नानांनी हात झटकला. नाटकाला लोकेशन लागत नाही, त्यामुळे ते नाटक मोजत नाहीत. मग त्यांनाच 1998 आठवलं. ‘फायर’ लागला होता तेव्हा डिसेंबरात मुंबईत थिएटरांची मोडतोड झाली, नाना तेव्हा नोकरीला होते आणि गर्दी बघून आत शिरले होते. सिनेमा कशावर आहे ते त्यांना घरी आल्यावर पेपरात कळलं. “काचा उगाच फोडल्या,” ते म्हणाले. “त्या मालकाचं काय चुकलं होतं?” मला वाटतं, प्रदर्शकाच्या नफ्यातोट्यातून सहिष्णुतेकडे पोचलेला हा महाराष्ट्रातला एकमेव माणूस नसावा.

“तो काका मात्र जास्तच बोलत होता,” नाना पुढे म्हणाले. “ओव्हरअॅक्टिंग. सुतकात कुणी असं लग्नाचं काढतं का? पटकथेत दम नाही.”

तेव्हा धाकटा पहिल्यांदा बोलला. म्हणाला, नाना, ते पटकथेतलं नाही. दिग्दर्शकाचे वडील 2016 मध्ये गेले, ते गावी सुतकाला बसले होते, तेव्हा नातेवाइकांनी लग्नासाठी असंच धरलं होतं. त्यातूनच हा सिनेमा सुचला.

“घाटावरची पद्धत,” नाना म्हणाले.

“आणि तुम्ही बाबांच्या वेळेला स्थळ आणलं होतंत.”

“ते तेराव्यानंतर.”

“दहाव्याला, नाना. उल्हासच्या काठावर. माझं डोकं नुकतंच भादरलं होतं. तुम्ही पाकीट दिलंत, वर गणपती होता, आत फोटो. हात ओले होते म्हणून तुम्ही ते माझ्या बगलेत ठेवलंत.”

नाना कल्याणपासून अंबरनाथपर्यंत काही बोलले नाहीत. आमच्या ओळखीत हे पहिल्यांदाच घडत होतं. एक शेंगदाणेवाला आला तर त्याला भावही विचारला नाही. मग म्हणाले, “कावळा शिवत नव्हता तेव्हा. म्हटलं, मास्तरांची इच्छा हीच राहिली असेल. पोराचं जमवतो, असं मोठ्याने बोललो मी. तरी नाही शिवला.”

“मग कधी शिवला?” मी विचारलं. मी त्या दिवशी उशिरा पोचलो होतो.

उत्तर बदलापूरवाल्याने दिलं. तो तिथे घाटावरच्या पायरीवर चपला सांभाळत उभा होता. “काकू पुढे झाल्या आणि म्हणाल्या, तो एकटा नाही, काळजी करू नका. मग आला.”

बदलापूर आलं. त्या दिवशी शनिवार होता, तरी तो उतरला. त्याच्या आईला दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे न्यायचं होतं. नानांनी खिडकीतून हात केला, गाडी हलली, आणि वांगणी यायच्या आत चौकशी सुरू झाली. पोरगा चांगला आहे. पगार किती आहे? मासे खातो ना? गाव कोणतं मूळचं? मी इतकी वर्षं नानांना ओळखतो, हे प्रश्न ते कुठल्या पानासाठी विचारतात मला ठाऊक आहे. धाकट्यालाही ठाऊक होतं. त्याने शेलूपासून भिवपुरीपर्यंत सगळ्यांची नीट उत्तरं दिली.

वाडीत नानांचं परीक्षण दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध झालं : बजेट कमी, लाइट नॅचरल, शेळ्या उत्तम, विषयाला काही प्रॉब्लेम नाही. कुणी खोदून विचारलं की दोन मित्रांची गोष्ट आहे म्हणत. एकदा कुणीतरी दात काढत म्हणालं, “मित्रांची, की तसली?” तर नाना खवळले. “सुप्रीम कोर्टाने 2018 लाच सांगितलंय की गुन्हा नाही म्हणून. तू कोर्टापेक्षा मोठा का?” कोर्टाबद्दल नानांना नितांत आदर आहे, त्यांच्या तीन जमिनींचे दावे तिथे चालू आहेत.

मास्तरांच्या घरी त्यानंतर गणपतीचं पाकीट गेलं नाही. डायरीतल्या उजव्या पानावरून धाकट्याचं नाव गेलं. मला वाटलं, खोडलं. दिवाळीनंतर कळलं की डावीकडे घेतलंय.

मग एका शनिवारी नाना त्या दोघांना कर्जत-मुरबाड रस्त्याला एक प्लॉट दाखवायला घेऊन गेले, मला साक्षीला बरोबर. एनए आहे, शेतकरी दाखल्याची कटकट नाही, मागे ओढा, पुढे आंबा. नानांनी पावलांनी हद्द मोजून दाखवली आणि मग आंब्याखाली उभं राहून मुद्द्यावर आले. “दोघांच्या नावावर घ्या. सातबाऱ्याला दोन नावं लागतात, नातं कोण विचारत नाही. 2023 मध्ये कोर्ट तुमच्यासारख्यांच्या लग्नाला नाही म्हणालं. खरेदीखताला कुठे नाही म्हणालंय?”

दोघं एकमेकांकडे बघून हसले. किंमत विचारली, नानांनी सांगितली, उतरवली, पुन्हा थोडी चढवली. “आणि माझं दोन टक्के. दोन्ही पार्ट्यांकडून.”

“विकणाऱ्याकडून आणि आमच्याकडून,” बदलापूरवाला म्हणाला.

“नाही. विकणारा माझ्या सासुरवाडीचा आहे, त्याच्याकडून घेता येत नाही. तुम्ही दोन पार्ट्या. याचे दोन, तुझे दोन.”

“नाना,” धाकटा म्हणाला, “आम्ही एकच पार्टी आहोत.”

नानांनी मफलर सोडला, पुन्हा बांधला. डायरी उघडली, चष्मा शोधला, लिहिलेलं काहीतरी खोडलं. “बरं,” म्हणाले, “मग एकाचंच घेतो. पण अडीच टक्के.”