गचाळ चित्रपट रसिक मंडळ

चांगल्या सिनेमावर बोलणं फार अवघड असतं. चांगला सिनेमा बघून बाहेर पडलेली माणसं जिन्यात 'छान होता', 'हो, छान होता' एवढंच पुटपुटतात आणि मग गाडी कुठे लावली होती हा विषय निघतो. फार तर कुणी 'कॅमेरा काय सुंदर आहे!' म्हणतं, म्हणजे नेमकं काय, हे विचारायची सोय नसते. तोच सिनेमा भिकार निघू द्या, मुक्यालाही वाचा फुटते. सोसायटीच्या सभेत वर्षानुवर्षं नुसती सही करून आलेले गृहस्थ पार्किंगपर्यंत पटकथा, नायकाचा विग आणि निर्मात्याची अक्कल यांवर अस्खलित बोलतात. नावं ठेवण्याची ही विद्या आपल्याकडे घराण्यातूनच येते. आपण लग्नाला जातो, आहेर देतो, पोटभर जेवतो आणि परतीच्या रिक्षात मठ्ठ्यापासून नवऱ्यामुलाच्या आत्येपर्यंत सगळ्यांचा हिशेब चुकता करतो. या विद्येला आजवर एखादा रीतसर क्लास तेवढा नव्हता. तो काही अमेरिकन मंडळींनी काढून दिला.

डॅन मकॉय, स्टुअर्ट वेलिंग्टन आणि एलियट केलन हे त्यातले तीन मित्र. 'द फ्लॉप हाउस' हा त्यांचा पॉडकास्ट २००७ पासून चालू आहे. पडेल सिनेमा बघायचा आणि मग तासभर त्यावर बोलत बसायचं, एवढाच उद्योग. यातल्या एकाचा ब्रुकलिनमध्ये बार आहे, म्हणजे निदान एकाच्या घरी तरी चूल पेटायची खात्री आहे. २०१० मध्ये 'हाउ डिड धिस गेट मेड?' सुरू झाला. 'हे मुळात झालंच कसं?' हा प्रश्न त्यांनी पॉडकास्टचं नाव म्हणून लावला. आमच्याकडे तो रोज भाजीवरून विचारला जातो. त्यात जेसन मॅन्झूकस आहेत, आणि पॉल शीअर व जून डायान राफेल हे नवरा-बायको आहेत. नवरा-बायकोंना तासभर मिळून तिसऱ्याच कुणाला तरी नावं ठेवता येतात हे ऐकल्यापासून विवाहसंस्थेवरचा माझा विश्वास वाढला आहे.

या सगळ्यांच्या आधी, १९८८ मध्ये, मिनेसोटातल्या एका स्थानिक वाहिनीवर 'मिस्ट्री सायन्स थिएटर ३०००' आलं होतं. एक माणूस आणि दोन यंत्रमानव पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पाठमोरे बसून समोरच्या टुकार सिनेमावर शेरे मारत. आपल्या पिटातल्या प्रेक्षकानं हे काम त्याच्या कितीतरी आधीपासून, यंत्रमानवाविना आणि स्वतःचं तिकीट काढून केलेलं आहे.

डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात इयरफोन लावून एकट्याच खदखदणाऱ्या बाईला बसायला जागा मिळते. शेजारची आपणहून सरकते, पर्स पोटाशी धरते आणि उतरायचं नसतानाही दाराकडे जाते. एके सकाळी मात्र समोरची सरकली नाही. माझ्या मोबाइलमध्ये डोकावून तिनं विचारलं, "कुठला एपिसोड?" पारसिकचा बोगदा यायच्या आत आमची जन्मोजन्मीची ओळख निघाली. ती दातांची डॉक्टर. तिच्यामागून तिचा सीए आला, सीएच्या मागून त्याचा एक स्ट्रक्चरल इंजिनिअर मित्र, आणि आमच्याच मजल्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले काका. असं हे गचाळ चित्रपट रसिक मंडळ. शनिवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये भरतं. माझा नवरा एका फिल्म सोसायटीचा जुना सभासद आहे. तो त्याच वेळेला हंगेरीचा किंवा इराणचा सिनेमा बघायला जातो आणि ताजातवाना होऊन परततो. तिथे एसी चांगला आहे.

मंडळाचे नियम कडक आहेत. सिनेमा पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत बघायचा. कंटाळा आला म्हणून पुढे ढकलायचा नाही. पहिली पंधरा मिनिटं कुणी बोलायचं नाही. माझ्या सासूबाईंना सूट. शेवटी 'फ्लॉप हाउस'च्या रिवाजाप्रमाणे निकाल द्यायचा. निकालाचे प्रकार तीन: वाईट पण चांगला, वाईट तो वाईटच, आणि खरं सांगायचं तर आवडलेला. तिसऱ्या प्रकाराला हात वर करताना माणसं आधी इकडेतिकडे बघून घेतात.

मंडळाचं उद्घाटन 'मॅनोस: द हँड्स ऑफ फेट' या १९६६ च्या सिनेमानं झालं. टेक्सासमधल्या एल पासो गावच्या हॅरल्ड वॉरन या खतविक्रेत्यानं तो काढला. हॉलिवूडचे पटकथाकार स्टर्लिंग सिलिफंट यांच्याशी त्यानं पैज मारली होती की भुताचा सिनेमा कुणीही काढू शकतो. काढला, आणि पैजेची दुसरी बाजूही सिद्ध केली. त्याच्याकडचा कॅमेरा चावीचा. एका दमात बत्तीस सेकंद चाले. त्यामुळे पात्रं काहीतरी बोलणार एवढ्यात दृश्य संपतं. आवाज मुद्रित करायची सोय नव्हती, म्हणून मोजक्या माणसांनी मागाहून सगळ्यांचे आवाज काढले. रात्रीच्या प्रसंगांत दिव्यांवर आलेले पतंग नटांपेक्षा जास्त हालचाल करतात. सीए म्हणाला, "एकोणीस हजार डॉलर खर्च दाखवलाय. कशावर, हे मात्र दिसत नाही." सासूबाईंचा आक्षेप वेगळा होता. सुरुवातीला ते कुटुंब गाडीतून जातंय, जातंय, जातच राहिलंय. त्या म्हणाल्या, "अगं, ह्यांना कुणीतरी रस्ता विचारा म्हणावं. पोर उपाशी आहे."

मग एड वूडचा 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'. मेडवेड बंधूंनी १९८० च्या आपल्या पुस्तकात त्याला जगातला सर्वांत वाईट सिनेमा ठरवलं आणि तेव्हापासून त्याला बरे दिवस आले. बेला लुगोसी हा त्यातला बडा नट १९५६ मध्येच वारला होता. वूडकडे त्याची थोडीशी फिल्म शिल्लक होती. उरलेल्या कामासाठी त्यानं बायकोच्या हाडवैद्याला उभं केलं. हाडवैद्य लुगोसीपेक्षा उंच आणि चेहऱ्यानं वेगळा, म्हणून तो सबंध सिनेमाभर तोंडावर झगा धरून वावरतो. पैसे आले होते बाप्टिस्ट चर्चच्या मंडळींकडून. स्मशानातले दगड पुठ्ठ्याचे आहेत. धक्का लागला की हलतात. इंजिनिअरनं ते दृश्य थांबवून परत लावायला सांगितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "फाउंडेशनच नाही."

पण मला 'कंटिन्युइटी' म्हणजे काय ते इथंच समजलं. एकाच प्रसंगात इकडे रात्र आणि तिकडे दुपार दिसली, तेव्हा लक्षात आलं की बाकीच्या सिनेमांत रात्रभर रात्र ठेवायला कुणीतरी राबत असणार. चांगल्या सिनेमात हे जोडकाम दिसतच नाही, मग दाद कशाला द्यायची ते कळणार कसं? नवऱ्यानं मला आयझेनस्टाइन समजावून सांगितला होता तेव्हा मी मान डोलावली होती. संकलन समजलं ते एड वूडमुळे.

डॉक्टरीणबाईंच्या आग्रहानं आणलेला सिनेमा 'ट्रोल टू', १९९० चा. आग्रहाचं कारण व्यावसायिक: यातल्या वडिलांचं काम करणारे जॉर्ज हार्डी पेशानं दंतवैद्य. नाव 'ट्रोल टू', पण सिनेमात ट्रोल एकही नाही. आहेत ते गॉब्लिन. दिग्दर्शक क्लाउदिओ फ्रागासो इटालियन, त्याची माणसंही इटालियन आणि नट युटाचे अमेरिकन. 'असं इंग्रजी कुणी बोलत नाही' असं नटांनी सांगून पाहिलं, पण कागदावर आहे तेच म्हणायचं असा हुकूम होता. यातली भुतं शाकाहारी आहेत. माणसाला हिरवं काहीतरी खायला घालून आधी त्याची वनस्पती करतात, मग खातात. लेखिका रोसेला द्रुदी यांच्या मित्रमैत्रिणींनी एकाएकी मांसाहार सोडला होता. त्या वैतागातून ही गोष्ट निघाली. शेवटी एक मुलगा मांसाचं सँडविच खाऊन भुतांना हरवतो. सासूबाईंची सहानुभूती पहिल्यापासून भुतांकडे होती. "शाकाहारी आहेत ना? चांगल्या घरची असणार," असं म्हणून त्यांनी सँडविचच्या वेळी चक्क तोंड फिरवलं. पुढे त्यातल्याच बालनटानं मोठेपणी या सिनेमावर 'बेस्ट वर्स्ट मूव्ही' नावाचा माहितीपट काढला. तो खरोखरच चांगला आहे, त्यामुळे मंडळात दाखवता येत नाही.

सीएची झोप उडवली ती 'द रूम'नं. २००३ चा हा सिनेमा टॉमी वायझो यांनी लिहिला, काढला, दिग्दर्शित केला आणि नायकही तेच. खर्च साठ लाख डॉलर असं सांगतात. पहिल्या दोन आठवड्यांची कमाई अठराशे डॉलर. फिल्म आणि डिजिटल असे दोन कॅमेरे त्यांनी शेजारी शेजारी बांधून सगळा सिनेमा दोनदा टिपला. सीए उभा राहिला. "एकाच खर्चाची दोन व्हाउचरं!" खरी गल्ली हाताशी असताना गल्लीचा सेट बांधला हे कळल्यावर इंजिनिअरही त्याच्या शेजारी उभा राहिला. त्यात नायिकेची आई सहज सांगते की आपल्याला कॅन्सर झालाय, आणि त्यानंतर तो विषय कुणीच काढत नाही. अमेरिकेत या सिनेमाच्या खेळांना लोक टेबलावरच्या फ्रेममध्ये चमचा दिसला की पडद्याकडे प्लॅस्टिकचे चमचे फेकतात. आमच्याकडे चमचे धुवावे लागतात म्हणून ते ठरवून टाळलं. सगळे हसत घरी गेले. चारआठ दिवसांनी भाजी निवडता निवडता सासूबाईंनी विचारलं, "त्या बाईच्या आजाराचं पुढे काय झालं गं?" एवढी काळजी प्रत्यक्ष दिग्दर्शकानंही केलेली नव्हती.

आपल्याकडचे सिनेमे निघाले की चर्चा जास्त जिव्हाळ्यानं होते. कांती शाह यांच्या १९९८ च्या 'गुंडा'च्या दिवशी सासूबाईंना आधीच भजनाला पाठवलं होतं. त्यातल्या काही खलनायकांची नावं इथं छापण्यासारखी नाहीत. प्रत्येक जण पडद्यावर आला की स्वतःचं नाव यमकात गुंफून सांगतो. नव्या नवरीनं उखाणा घ्यावा तसा, फक्त हातात सुरा. "अहो, हे आपले मोहन जोशी!" असं काका ओरडले तेव्हा मराठी माणूस म्हणून सगळे सावरून बसलो. हे पुढे अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचे अध्यक्ष झाले. त्याच टोळीतले हरीश पटेल २०२१ मध्ये मार्व्हलच्या 'इटर्नल्स'मध्ये दिसले. थोडक्यात, 'गुंडा'मुळे कुणाचं काही वाईट झालेलं नाही.

२००२ चा 'जानी दुश्मन: एक अनोखी कहानी' आम्ही दोन बैठकांत संपवला. त्यात इच्छाधारी नाग आहे आणि चाळिशीच्या घरातले कॉलेजकुमार आहेत. नागाबद्दल कुणी शंका घेतली नाही. दाखल्यावरच्या जन्मतारखांचा मात्र सीएनं पाठपुरावा केला.

'हाउ डिड धिस गेट मेड?'मध्ये एक भाग असतो: त्याच सिनेमाला इंटरनेटवर पाच तारे देणाऱ्यांची मतं वाचून दाखवायची. आमच्याकडे हे काम काका करतात, आणि त्यांना वाचून दाखवावं लागत नाही. ते स्वतःच पाच तारे देतात. मनोजकुमारच्या 'क्लर्क'मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या अशोककुमारना आझाद हिंद सेनेच्या गाण्याची रेकॉर्ड ऐकवून बरं करतात. आम्ही जमिनीवर लोळत होतो. काका डोळे पुसत म्हणाले, "अरे, हसताय काय? ज्यानं फौज बघितली त्याला विचारा." त्यांनी फौज बघितलेली नाही, बँकच बघितली आहे; पण त्या क्षणी हे सांगायची कुणाची छाती झाली नाही. 'क्लर्क'चा निकाल मंडळानं राखून ठेवला आहे.

पूर्णपणे फसला तो 'शार्कनेडो'. २०१३ चा. वादळातून शार्क मासे उडत येतात. हे बनवणाऱ्यांना आपण काय करतोय ते नीट माहीत होतं, हीच अडचण. आम्ही काही चूक दाखवावी तर ती त्यांनी आधीच जाणून करून ठेवलेली. शेरा मारायला जागाच नाही. वीसेक मिनिटांत डॉक्टरीणबाई मोबाइल बघायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "हा मुद्दाम करतोय," आणि आत जाऊन झोपल्या. सुसान सोंटॅग यांनी १९६४ च्या 'कँप'वरच्या निबंधात हाच भेद केला आहे. अजाणता घडलेलं खरं, हसवायला घडवलेलं बेचव. सासूबाईंना त्याला तीन शब्द पुरले.

एका शनिवारी फिल्म सोसायटीचा खेळ रद्द झाला आणि नवरा घरी राहिला. वर्तमानपत्र धरून मागे बसला. 'मॅनोस'चं पुनरावलोकन चालू होतं. थोड्या वेळानं वर्तमानपत्र खाली आलं, मग चष्मा वर गेला, मग तो म्हणाला, "इथं क्लोज-अप हवा होता." त्यानंतर तो तासभर थांबला नाही. कॅमेरा कुठे ठेवायला हवा होता, दिवा कुठून यायला हवा होता, बत्तीस सेकंदांत काय काय साधता आलं असतं. हंगेरीच्या सिनेमावर मी त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्याला चेव चढला तसा सगळ्यांना चढला, आणि बोलता बोलता बाहेर आलं की प्रत्येकाच्या डोक्यात एकेक सिनेमा तयार आहे. डॉक्टरीणबाईंकडे दवाखान्यात घडणारी खुनाची गोष्ट आहे. सीएकडे एकतीस जुलैच्या रात्री, रिटर्न भरायची मुदत संपत असताना घडणारा थरारपट. इंजिनिअरचा पूल कोसळतो. काकांचा सिनेमा आत्मचरित्रात्मक असून त्याला तीन मध्यंतरं लागतील. नवऱ्याची पटकथा बस स्टॉपवर थांबलेल्या म्हाताऱ्याची. ती आमच्या लग्नाआधीपासून तिथेच थांबलेली आहे.

एल पासोच्या त्या खतवाल्याचं म्हणणं बरोबर होतं, असं मला त्या दिवशी वाटलं. त्याच्याकडे आवाज नव्हता, दिवे नव्हते, नट नव्हते. तरी त्यानं सिनेमा पुरा केला, गावात वाजतगाजत प्रीमियर केला आणि सगळ्यांसमोर खुर्चीत बसून बघितलाही. आमच्या हॉलमधले पाचही सिनेमे निर्दोष आहेत, कारण त्यातला एकही काढलेला नाही. पुठ्ठ्याचा दगड हलतो म्हणून हसायला आधी कुणीतरी तो दगड कापून, रंगवून, उभा करावा लागतो.

नवऱ्यानं मान खाली घातली. म्हणाला, माझ्या डोक्यात आहे तसा जमला नाही तर? लोक काय म्हणतील?

सासूबाई चहाचे कप गोळा करत होत्या. "तू काढ तर खरा," त्या म्हणाल्या, "नावं ठेवायला आम्ही आहोत ना."