श्रेयनामावलीतला पोटभाडेकरू

धनंजय मान्यांचा पत्ता महाराष्ट्रात शेंबडं पोरही विचारतं. पण मान्यांना त्या पत्त्यावर आणून ठेवलं कोणी, असं विचारलं की भलीभली मंडळी पंख्याकडे बघू लागतात. कोणी सचिनचं नाव घेतं, कोणी अशोक सराफांचं, कोणी लक्ष्याचं. मान्यांचा सिनेमा ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) लिहिला वसंत सबनीसांनी. कौटुंबिक विनोदी सिनेमा लिहिणाऱ्याची कारकीर्द ही अशी: घर बांधायचं आणि त्यातच पोटभाडेकरू म्हणून राहायचं. लोकांना हा अन्याय वाटतो. माझ्या मते ती कामाची पावती आहे.

पुरावा म्हणून ते प्रसिद्ध सत्तर रुपये घ्या. इस्रायलहून मधुमेहाचं औषध आणवायला घरमालक सरपोतदारांनी ते मान्यांना दिलेले. औषध आणणारा वारला, आणि त्याच्याबरोबर रुपयेही वारले! माणसाचं क्रियापद पैशाला लावलं की मागणाऱ्याला वसुली सोडून सांत्वनच करावं लागतं. शिवाय आकडा पाहा. सातशे असते तर ती फसवणूक ठरली असती, सात असते तर कोणी विषयच काढला नसता. सत्तर ही मध्यमवर्गाची नेमकी दुखरी नस: बुडाले तर झोप उडते, मागितले तर अब्रू जाते.

यावर म्हणतील, ही सगळी नटांची करामत. अशोक सराफ बाराखडी म्हणाले तरी लोक हसतील. हसतील, पण घरी जाऊन बाराखडी म्हणून दाखवणार नाहीत. टायमिंग नटाचं असलं तरी वेळ साधायला कागदावर काहीतरी असावं लागतं. दुसरा आक्षेप असा, की कल्पनाच हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची (१९६६). विरजण उसनं असेल; दही घरचं आहे. पुण्यात भाड्याची खोली मिळवायला पुरुषाला लुगडं नेसावं लागतं, हे अतिशयोक्ती न वाटता बातमी वाटतं, ते सबनीसांमुळे.

तिसरा आक्षेप जास्त जाणता: कौटुंबिक म्हणजे सोवळं, म्हणून सोपं. पण ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य आणि ‘सोंगाड्या’ (१९७१) हा चित्रपट याच लेखणीचे. म्हणजे चावटपणा जमत नव्हता म्हणून सोवळं नेसलं, असं म्हणायची सोय नाही. वगात चावट वाक्याला शिट्टी मिळाली की भागतं. दिवाणखान्यात मात्र आजी, जावई आणि नातू एकाच सोफ्यावर. तिथे आजीला कळून जावई ओशाळता कामा नये, आणि नातवाने ‘म्हणजे काय?’ असं विचारता कामा नये. ‘बनवाबनवी’त लुगडं नेसून परशाची पार्वती होते, घरमालकीण लीलाबाई काळभोरांच्या घरात राजरोस वावरते, आणि आजी पदर न सावरता हसते. हात आखडता घेऊन इतकं देणं, हा फक्त मुरलेल्या माणसाचा धंदा.

आणि हे पुरतं साधलं, की वाक्यं लेखकाची राहत नाहीत. ती लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या डब्यात, मोबाइलच्या स्टिकरवर जाऊन बसतात. म्हण कोणी लिहिली, हे कोणी विचारतं का? पावतीने पोट भरतं का, एवढाच आक्षेप उरतो. भरत नाही. पण त्यासाठी कुठल्याही निर्मात्याच्या दारी जाताना लेखकाने मनाची तयारी ठेवावी: रुपये वारण्याची प्रथा केवळ पडद्यावरची नाही.