खात्री आहे का?

दिवाळीच्या तोंडावर परभणीच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढते आणि आडत दुकानातला मुनीम संगणकावर शेतकऱ्यांच्या हिशेबाची पट्टीवर पट्टी काढत सुटतो. मध्येच स्क्रीनवर चौकोन उगवतो: ‘तुम्हाला खात्री आहे का?’ कशाची, ते लिहिलेले नसते. हमालीची, तोलाईची की एकूणच आयुष्याची? मुनीम न वाचता एंटर दाबतो. पट्टी गायब.

दोष मुनिमाचा, असे प्रोग्रामर सांगतो. १९९१ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिकपासून असा चौकोन काढायला ‘मेसेजबॉक्स’ची एक ओळ पुरते, म्हणून तो अक्षतांसारखा उधळला जातो. त्यातून हा चौकोन ‘मोडल’, म्हणजे उत्तर मिळेपर्यंत मागचा फॉर्म हलू देणार नाही. एंटर कोणत्या बटणाला लागावा, हेही त्याच ओळीत ठरवता येते. काही सांगितले नाही, तर तो मान पहिल्या बटणाला. आणि पहिले असते ‘होय’. ‘नाही’ला तो द्यायचा तर एक शब्द जास्त टाइप करावा लागतो. एवढे कष्ट कोण घेणार? (बिल मात्र कष्टांचेच लावलेले असते.)

‘होय-नाही’ऐवजी ‘पट्टी रद्द करा’ आणि ‘राहू द्या’ अशी स्पष्ट बटणे हवी असतील, तर मेसेजबॉक्स सोडून स्वतःचा छोटा फॉर्म बनवावा लागतो. तेही अवघड नाही.

तेव्हा आडतदारहो, पुढच्या वेळी सॉफ्टवेअर विकायला कोणी आला, तर पैसे मोजण्याआधी त्यालाच भर गर्दीत पट्ट्या काढायला बसवा.