फुलांचे अव्वल कारकून

पुष्पप्रदर्शनात कुंडीवरची चिठ्ठी वाचून आपण तृप्त मनाने पुढे सरकावे, तोच मागून ‘आधी ओठ पाहा!’ अशी आज्ञा करणारे नानासाहेब आपणांसही भेटलेच असतील. आमच्या वाट्याचे नानासाहेब पूर्वाश्रमी कचेरीत अव्वल कारकून होते आणि वारसतपासाची ती सारी चिकाटी त्यांनी निवृत्तीनंतर ऑर्किडांच्या कुळशीलाकडे वळवली आहे. ओठ म्हणजे या फुलाची निराळ्या घडणीची एक पाकळी. तिचा मधला खंड क्रूसाकृती असेल तर फॅलेनॉप्सिस अमाबिलिस, त्रिकोणी असेल तर अफ्रोडाइटी. पानांची साक्ष त्यांच्यापुढे ग्राह्य नाही. ही सवय इतकी हाडीमाशी खिळली आहे, की पुतण्यासाठी मुलगी पाहावयास गेले असता, मत विचारताच ते गंभीरपणे ‘आधी ओठ पाहू’ म्हणाले, आणि मंडळींना पोहे अर्धवट टाकून उठावे लागले.

संकरांवर त्यांचा विशेष रोष. डॉमिनी नावाच्या माळ्याने इंग्लंडात ऑर्किडांचा पहिला कृत्रिम संकर १८५६ साली फुलवला, तेव्हा आता वनस्पतिशास्त्रज्ञांना वेड लागणार असे वनस्पतिशास्त्रज्ञ लिंडले म्हणाल्याचे सांगतात. नानासाहेब ही आख्यायिका स्वतःच्या घरावर जप्ती आल्यासारखी सांगतात. निळ्या व्हँडा ऑर्किडावर ‘सेरुलिया’ असे नाव दिसले की ते खोटे असल्याची त्यांची खात्रीच असते: खासी टेकड्यांतल्या अस्सल सेरुलियाच्या पाकळ्या तळाशी पिळवटलेल्या, मधे फट राखणाऱ्या, बाजारातल्या रुंद, चपट्या, एकमेकींवर चढलेल्या पाकळ्या बहुधा तिचा फिलिपिन्सच्या सँडेरियानाशी झालेला, १९३१ साली ‘रॉथशिल्डियाना’ म्हणून नोंदलेला संकर.

शुद्ध जातीखेरीज आपल्या गॅलरीत कुंडीला जागा नाही, असा त्यांचा हुकूम आहे. तरीही तेथे ‘सेरुलिया’ म्हणून त्यांनीच विकत घेतलेली एक कुंडी आहे, जी आमच्या सपाटीवरच्या उकाड्यातही दरसाल तबकडीएवढ्या चपट्या फुलांनी लगडते. डोंगरी थंडीची सवय असलेल्या मूळ जातीला हा थाट झेपणार नाही, हे मलासुद्धा कळते. नानासाहेब भिंग काढतात, फुलाजवळ नेतात, ‘उजेड पुरेसा नाही’ असा शेरा मारतात आणि निकाल पुढल्या बहरावर तहकूब करतात. कारण निकाल लागला तर स्वतःच्याच हुकुमाची अंमलबजावणी करावी लागेल. गेल्या बहरात मी काही बोलणार, तोच कागदपत्रे अपुरी असल्याचे सांगून त्यांनी इतर कुंड्यांआधी तिला पाणी घातले.