मनगटावरचं अंदाजपंचे

आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढून आलेला माणूस वर पोचल्यावर आधी काय बघतो? दरी नाही. तानाजीची समाधी नाही. मनगट.

‘६४० कॅलरी!’ लगेच ऑर्डर सुटते. पिठलं-भाकरी, दोन प्लेट कांदाभजी, मडक्यातलं दही. घड्याळाने मंजूर केलंय म्हटल्यावर कोण अडवणार?

पण घड्याळाला हा अधिकार दिला कुणी?

घड्याळ कॅलरी मोजतच नाही. त्याच्या पोटाखाली जो हिरवा दिवा लुकलुकतो, तो कातडीवर प्रकाश टाकतो. रक्त हा हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं आणि परतणारा प्रकाश किंचित कमी होतो. या चढउतारावरून ठोके मोजले जातात. मोजणी इथे संपली. पुढचं सगळं गणित आहे, आणि त्यातले निम्मे आकडे गृहीत धरलेले.

खरी मोजणी कशी करतात? नाकातोंडावर मुखवटा बसवून. किती प्राणवायू आत गेला, किती कार्बन डायऑक्साइड बाहेर आला, हे बघायचं. एक लिटर प्राणवायू वापरला की साधारण ५ किलोकॅलरी खर्ची पडतात. ऑक्सफर्डच्या डग्लस यांनी १९११ साली माणसाचा उच्छ्वास पिशवीत साठवून हा हिशेब सोपा केला. शंभरहून जास्त वर्षं झाली, तरी कॅलरी श्वासातूनच मोजावी लागते. मनगटातून श्वास कोण घेतो?

२०१७ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६० जणांना असा मुखवटा लावला, मनगटांवर तेव्हाची सात नामांकित यंत्रं बांधली आणि ट्रेडमिलवर नि सायकलवर घाम काढला. सातपैकी सहा यंत्रांनी नाडी छान मोजली. चूक ५ टक्क्यांच्या आत. याबद्दल कंपन्यांचं मनापासून कौतुक.

कॅलरीत मात्र साती नापास.

त्यातल्या सगळ्यात हुशार यंत्राची सरासरी चूक २७ टक्के. रुपयामागे चार आण्यांहून जास्त. सगळ्यात ढ यंत्राची ९३ टक्के. सिंहगडावरच्या त्या ६४० मध्ये हुशार यंत्राची चूक धरली तरी १७३ कॅलरींचा घोळ होतो. म्हणजे जवळपास एक भाकरी. ती खायची की नाही?

नाडी अचूक आणि कॅलरी चूक, असं कसं? कारण हृदयाचा ठोका म्हणजे इंधनाचा मीटर नव्हे. शरीराने किती प्राणवायू वापरला, हे तीन गोष्टींवर ठरतं. ठोके किती पडले, एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडलं आणि स्नायूंनी त्या रक्तातून किती प्राणवायू काढून घेतला. घड्याळाला यातली पहिलीच कळते. उरलेल्या दोन तुमचं वय, वजन आणि लिंग बघून ठरवल्या जातात.

बरं, ठोके फक्त मेहनतीनेच वाढतात का?

मे महिन्यात नागपुरात चाला. वेग डिसेंबरचाच ठेवा. ठोके वाढतील, कारण अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे धावतं. पाणी कमी प्यायलात तर आणखी वाढतील. घड्याळ म्हणेल, वा, केवढी मेहनत! साहेबांचा फोन आला तरी ठोके वाढतात. त्याने कुणी बारीक झाल्याचं ऐकलंय?

जिममध्ये वजन उचलतानाही तेच. स्नायू आवळून धरले की ठोके उसळतात, प्राणवायूचा खर्च त्या मानाने वाढत नाही. आकडा मात्र फुगतो.

याची उलटी बाजू जास्त काळजीची आहे. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी अनेकांना बीटा ब्लॉकर गोळी असते. मेटोप्रोलॉल म्हणा, अटेनोलॉल म्हणा. ही गोळी ठोके वाढू देत नाही, तेच तिचं काम. टेकडी तीच, दमछाक तीच, पण घड्याळ कमी कॅलरी दाखवतं. साठीचे काका वाचतात आणि म्हणतात, आज कमी पडलो, अजून एक फेरी मारू.

ती फेरी कुणाच्या हिशेबावर?

अशा माणसाने घड्याळ बाजूला ठेवावं आणि श्वासाकडे बघावं. चालताना बोलता येतंय पण गाता येत नाही, म्हणजे मध्यम व्यायाम झाला. बोलणंही तुटायला लागलं की वेग कमी करावा. किती पुढे जायचं ते डॉक्टरांना विचारावं. हिरव्या दिव्याला नव्हे.

आता ते गणित. कंपन्या आपापली सूत्रं गुलदस्त्यात ठेवतात. एक सूत्र मात्र उघड आहे आणि ठोक्यांवरून कॅलरी काढणारे पुष्कळ जण तेच वापरतात. २००५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी ते मांडलं. कुणावरून? नियमित व्यायाम करणाऱ्या, १८ ते ४५ वयाच्या ११५ जणांवरून. आयुष्यात पहिल्यांदा बूट घालून बाहेर पडलेल्या पन्नाशीच्या गृहस्थांना तेच माप लावायचं?

त्या सूत्रात पुरुषाचं वजन वाढलं की त्याच ठोक्यांना कॅलरी वाढतात. बाईचं वजन वाढलं की कमी होतात! आणि ४० वर्षांच्या, ७० किलोच्या, शांत बसलेल्या पुरुषाचे ५० ठोके त्यात घातले, तर उत्तर शून्याच्याही खाली येतं. बसल्या जागी ऊर्जा खात्यात जमा. संशोधकांचा यात दोष नाही. सूत्र व्यायामापुरतं होतं आणि अंदाज म्हणूनच मांडलं होतं. अंदाजाला मोजमाप करून टाकलं ते विकणाऱ्यांनी.

आणखी एक गोम. सोफ्यावर पडून राहिलात तरी ६० किलोच्या माणसाच्या तासाला साधारण ६० कॅलरी जातातच. तासाभराच्या चालण्याचे म्हणून जे २४० दिसतात, त्यात हे ६० धरलेत की वगळलेत? काही घड्याळं दोन्ही आकडे वेगळे दाखवतात. बाकीची दाखवत नाहीत, आणि आपणही विचारत नाही. जेवताना अख्खे २४० वसूल करतो.

मग यंत्र बांधल्याने वजन तरी उतरतं का? अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये ४७१ वजनदार तरुणांना दोन वर्षं आहार-व्यायामाच्या कार्यक्रमात ठेवलं. निकाल २०१६ साली छापून आला. निम्म्यांच्या दंडावर हालचाल आणि ऊर्जा नोंदवणारं यंत्र होतं, त्यांचं वजन सरासरी ३.५ किलोने घटलं. निम्मे आपली नोंद आपणच करत होते.

त्यांचं ५.९ किलोने.

असं का झालं, हे त्या चाचणीने सिद्ध केलं नाही. पण यंत्र म्हणजे वजन उतरलंच, ही जाहिरात त्यानंतर कुठल्या तोंडाने करायची?

घड्याळ फेकून द्या, असं कुणी म्हणत नाही. नाडीचा आकडा सोन्याचा आहे. टेकडी तीच, वेग तोच, हवा तशीच, आणि जानेवारीत १५० पडणारे ठोके फेब्रुवारीअखेर १३८ वर आले, तर तुमचं हृदय खरोखर सुधारलंय. ही बातमी घड्याळ अचूक देतं आणि फुकट देतं. ती वाचायला कुणाला वेळ नाही, कारण तिच्यावर भजी मिळत नाहीत.

कंपन्यांकडे मागणं एवढंच आहे. ३०० असा ठसठशीत आकडा छापू नका. ‘२२० ते ३८०, अंदाजे’ असं लिहा. सूत्र कुणावर तपासलंय, त्यात आपल्याकडची माणसं किती होती, तेही सांगा. बारीक पडद्यावर हवामान मावतं, क्रिकेटचा स्कोअर मावतो, शेअर बाजार मावतो. ‘अंदाजे’ या तीन अक्षरांनाच जागा नाही?