गंजाचे गिऱ्हाईक

रविवारी सकाळी अर्धं पुणं मिसळीच्या रांगेत असतं तेव्हा आप्पा मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात उकिडवे बसलेले असतात. समोर ताडपत्री. तिच्यावर नळाच्या तोट्या, मिक्सरची भांडी, एकाच पायाचा बूट आणि या पसाऱ्याच्या तळाशी कुठेतरी एक रंधा. बाजार बुधवारीही भरतो. निवृत्तीचा खरा फायदा म्हणजे बुधवार, असं आप्पांचं मत आहे.

आप्पा ही व्यक्ती नव्हे, जमात आहे. हयात मशीन शॉपमध्ये गेलेली, गुडघे कुरकुरणारे, खिशात भिंग. हवी ती वस्तू आधी उचलायची नाही, हा या जमातीचा पहिला नियम. मिक्सरची चौकशी करायची, तोटीला नाक मुरडायचं आणि उठता उठता रंध्याकडे बोट दाखवून विचारायचं, "ही काय, इस्त्री आहे का?" अभिनय उत्तम असतो. घात करतो तो चष्मा. कपाळावरचा चष्मा नाकावर उतरला की विकणारा काय ते समजतो आणि दीडशेचा माल चारशेवर जातो.

रंध्याच्या पुढच्या टोकाला 'बेली' अशी ओतीव अक्षरं निघाली की आप्पांचा आवाज घोगरा होतो. लेनर्ड बेलीची पेटंटं अमेरिकेतल्या स्टॅनली कंपनीने १८६९ मध्ये घेतली. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखानाही १८६९ चाच. हा निव्वळ योगायोग असेल असं आप्पांना सुचवू नये, पुढची बस चुकते. एखाद्या पटाशीवर बाणाची खूण, म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्तेचा शिक्का, सापडली तर त्या दिवशी जेवणही चुकतं.

मग घरी गंजाची सेवा. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर बाल्कनीतल्या बादलीत जातं. काकूंनी मंच्युरियन करणं केव्हाच सोडलं. पातं दगडावर घासून झालं की धार हाताच्या केसांवर पाहायची असते. त्यामुळे आप्पांचा उजवा हात पुरुषाचा आणि डावा तुळतुळीत. पाहुणे हळूच चांगल्या त्वचारोगतज्ज्ञाचं नाव सुचवतात.

पान्यांची तर वेगळी ट्रंक आहे. सगळे व्हिटवर्थ मापाचे, १८४१ च्या आट्यांच्या हिशेबातले. पान्यावर लिहिलेलं माप बोल्टच्या जाडीचं. अर्धा इंच लिहिलेल्या पान्याचा जबडा पाऊण इंचाच्याही पुढे भरतो. घरातल्या एकाही नटाला तो बसत नाही. आप्पांच्या लेखी हा दोष नटाचा.

पावसाळ्यात संडासाचं दार फुगलं. घरात अकरा रंधे. तरी मिस्त्रीला बोलावलं, कारण दारात एखादा खिळा निघाला तर पात्याची धार जाईल. मिस्त्रीने विजेचा रंधा लावला, पाच मिनिटांत दार मोकळं केलं आणि चहा पिता पिता त्याची नजर कपाटाकडे गेली.

"असले तीन होते आमच्या आज्याकडं. दिवाळीच्या साफसफाईत भंगारात घातले."

आप्पांनी कप खाली ठेवला. चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"भंगारवाला कुठला? बुधवारी उघडा असतो का?"