बर्गी आले पर्यटनाला

हावडा स्थानक हुगळीच्या पश्चिम काठावर आहे आणि कोलकाता शहर पूर्व काठावर. मुंबईहून नागपूरमार्गे जाणारी गीतांजली एक्सप्रेस मराठी प्रवाशाला पश्चिम काठावर उतरवून मोकळी होते. इतिहासाला धरूनच आहे हे. 1742 पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या, पण कलकत्त्यात त्यांचे पाऊल कधी पडले नाही.

या स्वारांना बंगालीत ‘बर्गी’ म्हणतात. मूळ शब्द बारगीर. स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. हा फरक मराठी शाळेत एका गुणाला विचारतात. लुटल्या जाणाऱ्या बंगाल्याला तो विचारायला सवड झाली नाही. त्याने सगळ्यांना बर्गी ठरवले आणि त्यांना थेट अंगाईगीतात नेऊन बसवले. एलटीसीवर निघालेला आजचा मराठी प्रवासी व्याख्येप्रमाणे बारगीरच ठरतो, कारण वाहन सरकारी असते आणि रग तेवढी स्वतःची.

बर्गींच्या धास्तीने कलकत्तेकरांनी 1742 साली शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता. तीन मैल खणून झाले तरी मराठे येईनात, तेव्हा काम थांबले ते थांबलेच. हाच तो मराठा खंदक. त्यावरून तिथल्या इंग्रजांना ‘डिचर’ असे टोपणनाव पडले. 1756 साली बंगालचा नवाब सिराजुद्दौला शहरावर चालून आला तेव्हा खंदकाने त्याला अडवले नाही; खंदक मराठ्यांसाठी होता. पुढे तो बुजवून त्या रेषेवर सर्क्युलर रोड झाला. तो रस्ता गर्दीच्या वेळी पायी ओलांडणाऱ्याला खंदक बरा होता असे वाटते.

हावड्याहून शहरात शिरायला पूल, होडी आणि मेट्रो असे तीन मार्ग आहेत. हावडा पूल 1943 साली सुरू झाला. लांबी 705 मीटर, नदीत एकही खांब नाही आणि सगळी जोडणी रिव्हेटची, नटबोल्ट नाहीत. जपानी बॉम्बच्या छायेत उभ्या राहिलेल्या या पोलादाला पुढे पानाच्या पिंकांनी जेरीस आणले. खांबांचे पाय पिंकांनी झिजू लागल्यावर त्यांना फायबरग्लासची वेष्टणे घालावी लागली. 1965 पासून पुलाचे अधिकृत नाव रवींद्र सेतू आहे. तसे म्हटल्यास टॅक्सीवाला आदराने बघतो आणि कुठे जायचे ते पुन्हा विचारतो. होडी स्वस्त आहे, वारा फुकट आहे. मेट्रो मात्र 2024 पासून नदीखालून जाते. बोगद्याचा हा 520 मीटरचा तुकडा गाडी 45 सेकंदांत पार करते. भोसल्यांच्या फौजांना जे नऊ वर्षांत साधले नाही, ते एवढ्या वेळात उरकते, आणि खिडकीतून मासे दिसतील म्हणून डोळे लावून बसलेल्या मुलांना फक्त निळे दिवे दिसतात.

भारतातली पहिली मेट्रो कोलकात्याचीच. ती 24 ऑक्टोबर 1984 रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर अशी 3.4 किलोमीटर धावली. मुंबईची मेट्रो 2014 साली आली, हा तपशील मुंबईकराने सहप्रवाशांना आपणहून सांगू नये. कोलकात्याच्या मेट्रोत अडचण वेगाची नाही, नावांची आहे. रवींद्र सदन आणि रवींद्र सरोवर अशी दोन स्थानके आहेत. नेताजी भवन वेगळे, नुसते नेताजी वेगळे, आणि दोन्हींच्या मध्ये पाचेक किलोमीटरचे शहर आहे. कवी सुभाष नावाचे स्थानक तिसरेच, त्याचा नेताजींशी संबंध नाही. ते कवी सुभाष मुखोपाध्याय यांचे. गीतांजली हेही एक स्थानक आहे. त्यामुळे ‘गीतांजलीने आलो, गीतांजलीला उतरलो’ हे वाक्य खरे असू शकते आणि ते फोनवर ऐकणाऱ्या घरच्यांची काळजी वाढवते. टॉलीगंजला महानायक उत्तम कुमार यांचे नाव दिलेले आहे. स्थानिक माणूस टॉलीगंजच म्हणतो, फलक उत्तम कुमार म्हणतो, आणि प्रवासी दोन्ही ऐकून एक स्थानक पुढे जातो.

ट्रामची गोष्ट वेगळी. 24 फेब्रुवारी 1873 रोजी सियालदह ते आर्मेनियन घाट अशी घोड्यांची ट्राम निघाली, पुरेसे उतारू न मिळाल्याने त्याच वर्षी बंद पडली, 1880 मध्ये परत आली आणि 1902 मध्ये विजेवर गेली. मुंबईने आपली ट्राम 1964 साली मोडीत काढली, त्यामुळे सत्तरीच्या पुढचा मुंबईकर कोलकात्यात ट्राम बघून हळवा होतो. ट्राम हळवेपणाला पूर्ण वेळ देते. ती धावत्या माणसाला मागे टाकत नाही, आणि चालत्या माणसाला टाकेलच असेही नाही. 2024 मध्ये राज्य सरकारने मैदान ते एस्प्लनेड एवढाच तुकडा वारसा म्हणून ठेवण्याचे जाहीर केले. म्हणून थांब्यावर उभे राहण्याआधी चौकशी करावी; रूळ दिसले म्हणजे ट्राम येईल असा हिशोब इथे चालत नाही.

बसचा कारभार कंडक्टरच्या घशावर चालतो. बसच्या पत्र्यावर थाप मारून तो ‘आस्ते लेडीज, कोले बच्चा’ असे ओरडतो; म्हणजे हळू, बाई उतरते आहे, कडेवर मूल आहे. मूल असलेच पाहिजे असे नाही. रिक्षा ठरलेल्या मार्गावर, वाटून घ्यायची असते आणि सुट्टे पैसे, म्हणजे ‘खुचरो’, जवळ नसणाऱ्याला तिथे माणसात धरत नाहीत. जुनी पिवळी टॅक्सी अॅम्बॅसॅडर असते. त्या गाडीचे उत्पादन 2014 साली थांबले, त्यामुळे रस्त्यावर उरलेली अशी प्रत्येक टॅक्सी अनुभवी आहे. ड्रायव्हरला ‘दादा’ म्हणावे. मुंबईत हा शब्द दबकून वापरतात, इथे तो कानाकोपऱ्यात मुक्तपणे फिरतो.

कलादर्शनाची सुरुवात बहुतेक जण व्हिक्टोरिया मेमोरियलपासून करतात. पायाभरणी 1906 ची. 1911 साली राजधानी दिल्लीला हलवायचे ठरले आणि 1921 मध्ये इमारत खुली झाली, तेव्हा जिच्यासाठी ती बांधली ती राणी वारून वीस वर्षे झाली होती. मकराण्याच्या संगमरवराचा हा पसारा विल्यम इमर्सनने आखला. याच गृहस्थाने तरुणपणी मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट आखले होते. त्यामुळे घुमटाखाली उभ्या असलेल्या मुंबईकराला क्षणभर आंब्याच्या पेट्यांची आठवण झाली, तर ते अगदीच अरसिकपणाचे नाही. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पे योजणारा जॉन लॉकवुड किपलिंगही कोलकात्याशी जोडलेला आहे. कालीघाटच्या देवळाबाहेर पटुआ लोक यात्रेकरूंना झटपट रंगवलेली चित्रे विकत. देवादिकांच्या जोडीने त्यांत बायकोच्या पायाशी बसलेले बाबू असत आणि कपाळावर टिळा लावून तोंडात मासा धरलेले मांजर असे. हे मांजर म्हणजे भोंदू वैष्णव. किपलिंगने अशी चित्रे जमवली आणि 1917 साली मुलगा रुडयार्ड याने ती लंडनच्या संग्रहालयाला दिली. देवळाबाहेरच्या या कलेचा एक मोठा साठा बघायला त्यामुळे विमान लागते.

1814 साली सुरू झालेल्या इंडियन म्युझियमला लोक ‘जादूघर’ म्हणतात. भरहुतच्या स्तूपाचे कठडे तिथे आहेत. गर्दी इजिप्तच्या ममीपाशी असते.

खरेदीसाठी न्यू मार्केट. हे 1 जानेवारी 1874 रोजी उघडले, म्हणजे त्याला नवे म्हणणे दीडशे वर्षे चालू आहे. दाराशी वेताच्या टोपल्या घेतलेले हमाल गिऱ्हाईक हेरतात. तुळशीबागेत हात बसलेल्या मराठी स्त्रीला ही स्वारी सोपी वाटते. पण दुकानदार भाव सांगत नाही, आधी ‘आशुन, बोशुन’ म्हणून गादीवर बसवतो. भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांना 1744 साली तहाच्या बोलण्यासाठी असेच आदराने तंबूत बोलावले होते आणि ते जिवंत परतले नाहीत. तरी बसावे. बाराशे रुपयांच्या तांतच्या साडीला प्रवासी तीनशे सांगतो. दुकानदार कपाळाला हात लावतो. चहा येतो. नवऱ्याला ट्रेनची वेळ आठवते. शेवटी सौदा नऊशेला पटतो आणि मराठी पक्ष बरोबर चौथाई वसूल करून बाहेर पडतो. नवाब अलिवर्दीखानाने 1751 साली चौथाईपोटी वर्षाला बारा लाख कबूल केले होते; त्याच्याकडे गादी आणि चहा यांची व्यवस्था नसावी.

मासळी बाजारात कोळीण दिसत नाही, पुरुष दिसतात. ते भल्यामोठ्या विळीवर, म्हणजे ‘बोटी’वर, रोहू चिरत बसलेले असतात. जेवणात ‘माछेर झोल’ मागितल्यावर आपण काही गैरव्यवहारात सापडलो असे वाटून घेऊ नये. तिकडे झोल म्हणजे पातळ रस्सा. पाण्याला ‘जॉल’ म्हणतात आणि ते खातात. तहानलेल्या माणसाने उच्चार जपून न केल्यास समोर रस्सा येतो.

कॉलेज स्ट्रीटची पुस्तके वर्णनापलीकडे आहेत. पिशवीचे वजन परतीच्या गाडीत कळते.

उत्तरेला कुमारटुलीत बांबू, पेंढा आणि गंगेची माती यांतून दुर्गा घडतात. डोळे रंगवण्याचे काम महालयेच्या सुमारास होते, त्याआधी जाणाऱ्या प्रवाशाकडे गल्लीतली एकही देवी बघत नाही. तिथून बागबाजार जवळ आहे आणि बागबाजारात मराठा डिच लेन आहे. गल्ली साधी आहे. खंदक नाही, मराठे नाहीत. नावाच्या पाटीशी फोटो काढून घेणारे कोणी आढळल्यास ते नागपूरचे असतात. याच बागबाजारात नवीनचंद्र दास यांनी 1868 साली रसगुल्ला केला असे बंगाल मानतो. ओडिशा मानत नाही. भौगोलिक मानांकन बंगालला 2017 मध्ये मिळाले आणि ओडिशाला 2019 मध्ये. ओडिशा 1751 पासून 1803 पर्यंत भोसल्यांकडे होता, तेव्हा मराठी माणसाने या वादात तोंड न उघडता ते रसगुल्ल्यासाठी राखून ठेवावे. आठदहा झाल्यावर दुकानदार कौतुकाने ‘कुठून आलात’ असे विचारतो. ‘नागपूर’ म्हटल्यास पैसे आधी मागतो.